डेल्फसमामाला कण्हता येईना

आमच्या खोऱ्यात माणूस मरायला टेकला तरी "कसं काय?" विचारल्यावर "झकास, तक्रार न्हाई" असंच म्हणतो. कण्हणं हे शहरातल्या लोकांचं काम, त्यांना वेळ असतो. पण माझा मामा, डेल्फस कॉडिल, या बाबतीत सगळ्या केंटकीच्या डोंगराला भारी. चर्चच्या छपरावरून तो खाली आला, पाठीचे मणके चेचले, गवतात उताणा पडला. पाद्री धावत आला नि म्हणाला, "डेल्फस, बरा हायस न्हवं?"

मामा म्हणाला, "बरा हाय की. जरा आभाळ बगतुय."

छपरावर तो चढला होता चर्चचा एसी दुरुस्त करायला, तेही फुकट. मुळात मामा कोळशाच्या खाणीतला. खाण बंद पडली तेव्हा बाकीचे घरी बसले. मामानं मात्र सरकारकडून शिक्षणाचं कर्ज काढलं आणि पंचेचाळिशी उलटल्यावर पोराटोरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून एसीचं काम शिकला. पोरं त्याला आजोबा म्हणायची नि परीक्षेला त्याच्याच पेपरात डोकवायची. शिकून झालं, धंद्याचा जम बसतोय बसतोय तोवर हे छप्पर. आता पाठीत लोखंडी पट्ट्या नि स्क्रू. डावा पाय आपल्या मर्जीचा मालक. हाताची बोटं निम्मा दिवस झोपेत. शिक्षण डोक्यात राहिलं आणि कर्ज डोक्यावर.

सरकारचा नियम असा की जो कायमचा अपंग झाला, ज्याला कमाईचं काम पुन्हा होणार नाही, त्याचं हे कर्ज माफ. फक्त तसं डॉक्टरनं लिहून द्यायला पाहिजे. मामाला अपंगाची पेन्शन मिळत होती, पण ती देणारं खातं निराळं, नि त्यांच्या कागदावर कर्जवाल्यांचं भागेना. उलट पत्र आलं, की हप्ते थकले तर त्याच पेन्शनीतून कापून घेऊ.

लोव्हेडामामी म्हणाली, "कापली तर हिवाळ्यात शेगडीत काय घालू? तुजं झकास झकास घालू व्हय?"

दवाखान्यात नवा डॉक्टर आला होता. हॉफस्टेटर नावाचा, तिकडं उत्तरेच्या सपाट मुलखातला. भला माणूस. समोरचा बोलेल ते खरं मानायचा, एवढाच त्याचा दोष. मामानं मामीला गाडीतच बसवलं आणि एकटा आत गेला. आत जे झालं ते त्यानं स्वतःच नंतर मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"कसं वाटतंय, मिस्टर कॉडिल?"

"झकास. तक्रार न्हाई."

"चालता किती येतं?"

"लागंल तेवढं."

"ओझं उचलता?"

"कुनी सांगितलं तर न्हाई कशाला म्हनायचं?"

डॉक्टरनं सगळं टिपून घेतलं, मामाचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "छान सुधारणा आहे. कायमचं अपंगत्व असं काही मला लिहिता येणार नाही."

मामानं बाहेर येऊन हे सांगितलं, तशी मामी गाडीतून उतरली. मामाला वाटलं हात द्यायला आली. तिनं चप्पल काढली.

"आरं, पँट मी चढवते तुजी! आन् तू तितं वजी उचलतुयास?"

"आता परक्या मानसाफुडं रडायचं का?"

"व्हय! त्याचीच तर फी घेतो त्यो!"

पुन्हा तपासणीची तारीख मिळाली. मधल्या दिवसांत मामाला कण्हायला शिकवायचं ठरलं आणि त्यासाठी मामीनं झेला फ्युगेटला बोलावलं. झेला म्हणजे खोऱ्यातली एकुलती एक तक्रारखोर बाई. तिला कधी काही झालेलं नाही, म्हणून तर तिला कण्हायला ताकद उरते.

स्वैपाकघरात मामाला उभा केला. झेला म्हणाली, "हात कमरंवर ठेव. डोळं मिट. आता म्हन, आई गं!"

"कुनाची आई?"

"तुजी!"

"ती गेली की. चांगली गेली, झोपंत."

"बरं, ते ऱ्हाऊ दे. जिना चढताना कसं व्हतं ते सांग."

"आमच्यात जिना न्हाई."

"हाय आसं समज की रं!"

"मंग चढलो आसतो."

झेलानं हातातलं फडकं टेबलावर आपटलं. "लोव्हेडा, ह्यो गडी माज्या हातनं सुदरायचा न्हाई. म्हशीला गानं शिकीवलं आसतं तर एवढ्यात दोन कडवी झाली आसती." मग घेवड्याचं कालवण नि मक्याची जाड भाकरी दोनदा वाढून घेतली आणि पोटात गुबारा धरल्याची तक्रार करत घरी गेली.

तपासणीच्या आदल्या दिवशी मी ओसरीवर मामाजवळ बसलो होतो. मामा मला खुराड्यातली गंमत सांगत होता नि मी हसून हसून खुर्चीवरून घसरत होतो. मामी दारात येऊन उभी राहिली. ती काही हसली नाही.

"हे डॉक्टरला सांग," ती म्हणाली.

"ही तक्रार हाय व्हय? ही गंमत हाय."

"मंग गंमतच सांग. तक्रारीचा एक शबुद काढू नगंस."

दुसऱ्या खेपेला मामी आत शिरलीच, नि मलाही ओढून घेतलं. डॉक्टरनं विचारलं, "कसं वाटतंय?" मामा म्हणाला, "झकास." मामीनं त्याच्या बरगडीत कोपर घातलं.

"आवंदा कोंबड्या पाळल्यात," मामा म्हणाला. "त्येंची एक गंमत सांगू का, डॉक्टर?"

डॉक्टर म्हणाला सांगा. मामा खुलला. गोष्ट सांगताना त्याला दुखरी पाठ नसतेच.

"सकाळी अंडी काढाय खुराड्यात वाकलो. वाकायचं जमलं. उठायचं काय जमंना. हाताला आधार गावंना, बोटं मेल्यावानी. मंग म्हनलं बसू. बसलो, तर डावा पाय कुटं हाय त्येचाच पत्ता न्हाई. कोंबड्यांस्नी वाटलं, ह्ये लाकूड आनून टाकलं कुनी. एक आली मांडीवर, एक बसली टाळूवर. कोंबडा म्होरं हुबा ऱ्हाऊन माज्याकडं बगतुय, की बाबा, हितला मालक आता कोन, तू का मी?"

डॉक्टर हसायला लागला. नर्स दारात येऊन थांबली.

"मी म्हनलं, तूच. मला जागा दिलीस, उपकार झालं. मंग मुताय लागली. आता उठता येत न्हाई म्हंजी काय करनार? झालं तितंच. पर कोंबड्यांची जात लई समजूतदार, डॉक्टर. एकीनंबी नाक मुरडलं न्हाई. त्येंचं सगळं तितंच आसतंय."

डॉक्टरनं चष्मा काढून डोळे पुसले. "मग? सुटलात कसे?"

"ही कामावरनं आली सांजच्याला. काखंत हात घालून वडला, बटाट्याचं पोतं वडावं तसा."

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत?" डॉक्टर हसतच होता. "हे झालं कधी?"

मामा विचारात पडला. "कंचं? ह्या हप्त्यातलं का गेल्या?"

डॉक्टर हसायचा थांबला. चष्मा घातला.

"शर्टाची बटणं कोण लावतं, मिस्टर कॉडिल?"

मामा भिंतीकडं बघायला लागला. मामी म्हणाली, "सांग की. त्येचीबी गंमत हाय." मामानं तीही सांगितली. मग बुटांची, मग आंघोळीची. हसायला कुणी उरलं नव्हतं तरी त्यानं सांगायची ढब काही सोडली नाही. डॉक्टरनं सगळं पुन्हा तपासलं. पायाला सुई टोचली, खुर्चीतून उठायला लावलं, हात न देता नुसता बघत राहिला. शेवटी कागद ओढून भराभर लिहिलं आणि खाली सही केली.

कर्ज माफ झालं ते पुढं, पानगळीत. पण कागद पाठवायचा तो दिवस मात्र सोपा गेला नाही. मी गाडी चालवत होतो, मामानं कागद मांडीवर घेऊन वाचला. वळणावर म्हणाला, "मागं फिरीव."

"काय राहिलं?"

"त्येनं 'कदीच न्हाई' लिवलंय. खोडाय सांगतो. सद्या न्हाई म्हनावं. फुडच्या वसंतात कुनाचा येकांदा बारका एसी…"

"ते खोडलं तर माफी न्हाई," मामी म्हणाली.

"मंग काय, माजं मीच टपालात टाकू, की मानूस खपला म्हनून?"

"खपलास म्हनून कुनी लिवलंय? कमाईचं काम म्हनलंय. घरी घेवड्याच्या शेंगांचा ढीग पडलाय, त्यो काय कमाईचा हाय? त्यो मोडायचा हाय तुला."

मामानं कागद पाकिटात सारला. टपाल कार्यालयापुढं गाडी थांबल्यावर म्हणाला, "माज्यासंगं कुनी यायचं न्हाई."

पायऱ्या चारच, पण आम्हाला त्या कितीतरी वाटल्या. एक पाय चढायचा, दुसऱ्याला हातानं विजार धरून वर घ्यायचा. टपालवाली दार उघडून पुढं झाली तर त्यानं टोपी काढून तिला रामराम केला, नि तेवढ्यात कठडाही धरून घेतला. आत गेला. मामी खिडकीच्या काचेवर बोट घासत बसली. पुसायला काचेवर काही नव्हतं.

बाहेर आला तेव्हा हात रिकामे होते.

"टाकलंस?" मामीनं विचारलं.

"टाकलं. तिकीट वाकडं लागलं पर." मामानं हाताकडं बघितलं. "बोटं ऐकंनात गं, लोव्हेडा. आन् पाय तर सकाळधरनं लई ठनकतुय."

मामी खाली उतरली, गाडीचं दार धरलं. मामा बसला, आणि त्यानं तो डावा पाय तिला उचलून आत ठेवू दिला.