दगडाचे संस्कृत

१९५६ सालच्या अक्षय्य तृतीयेला, सायंकाळी सहा वाजता, माझ्या पत्नीच्या नावाचा प्रश्न उपस्थित झाला. लग्न सकाळी कुरुळीस लागले होते आणि वऱ्हाड चिंचवडला परतले होते. ताटात तांदूळ पसरून त्यांवर अंगठीने वधूचे नवे नाव लिहिणे एवढेच उरले होते.

तिचे माहेरचे नाव येथे देत नाही. अर्थ दगड. आधीची भावंडे पाळण्यातच गेली, म्हणून आत्याने बारशाला ते ठेवले. दगडाला कोण उचलून नेणार? तीच आत्या पाठराखीण म्हणून सोबत आली होती.

आमच्या घराण्यात सुनांना लक्ष्मीची नावे देण्याची रीत आहे. लक्ष्मी फारशी आली नाही. तिची नावे मात्र संपत आली होती.

"कारखान्याच्या वसाहतीत कोणी बायकोचं नाव विचारलं, तर काय, दगड म्हणून सांगशील?" वडील म्हणाले. पिंपरीच्या त्या कारखान्यात मी नुकताच लागलो होतो. आमची अब्रू त्याहून जुनी नव्हती.

उपाध्यायांनी तोड काढली. "शैलजा ठेवा. अर्थाला धक्का नाही."

"म्हंजी दगडच ना?" आत्याने विचारले.

"पर्वताची कन्या. साक्षात पार्वती."

"म्हंजी दगड माझा भाऊ झाला. पोरीला काय ऱ्हायलं?"

"मग शिला ठेवू. शिला म्हणजे निव्वळ दगड."

"ठिवा की. पर सटवाईला संस्कृत येतं का, तेवढं सांगा भटजीबुवा. ती आमच्या गावची हाय."

उपाध्याय शास्त्राधार आठवू लागले. आत्या माझ्याकडे वळली. "जावईबापू, बाकीची पोरं म्या ह्या हातांनी पुरली. ही एकच ऱ्हायली. तिचं नाव पुसू नका."

वडिलांनी मला अंगठीकडे बोट दाखवले. तेव्हा पदराआडून वधू बोलली. तोवर तिचा आवाज मी ऐकला नव्हता.

"आत्या, लिवू दे त्यांना काय ते. मला काय झालं, तर बोल त्यांनाच लागंल."

मी जुनेच नाव लिहिले, ताटभर.

वडील ओट्यावर जाऊन बसले. दगड हे स्थैर्याचे लक्षण असून नाव अत्यंत शुभ आहे, असे उपाध्यायांनी जाहीर केले.

मी तांदूळ गोणीत ओतले, सुतळीने तिचे तोंड बांधले आणि माजघरात आत्याचे अंथरूण घातले.