न गळणारं छप्पर

डोंबिवलीत उघड्या टपाची गाडी बाळगणारा माणूस एक तर श्रीमंत असतो, नाही तर मूर्ख. मी श्रीमंत नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलं आणि निवृत्त झालो त्या वर्षी ही दोन सीटची लाल गाडी जुन्यात घेतली. तिचं कापडी छप्पर लोखंडी सापळ्यासकट मागे दुमडतं. बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडलेली, त्यामुळे मागचे दिवे एका व्हॅनचे आहेत आणि वायपरची मोटर कुणाची आहे ते आता मलाही आठवत नाही. गाडी इतकी बुटकी की आमच्या गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून तिरकी तिरकी न्यावी लागते. तेवढ्या वेळात मागचे रिक्षावाले माझा उद्धार करतात. सिग्नलला थांबलं की शेजारचा बाइकवाला हमखास विचारतो, “काका, ॲव्हरेज किती देते?” खरं सांगितलं की तो हळहळतो, म्हणून मी थोडं वाढवून सांगतो.

बायकोने या गाडीबद्दल कधी तक्रार केली नव्हती. गेल्या पावसाळ्यात मात्र खडवलीच्या तिच्या बहिणीकडून परतताना छप्पर नेमकं तिच्याच बाजूला गळलं. अंगावर ठेवणीतली पैठणी होती. घरी आल्यावर साडी दोरीवर टाकत ती म्हणाली, “अहो, पुढच्या पावसाळ्याआधी हे गळणं थांबवा. नाही तर गाडी विकून टाका. मी मस्करी करत नाहीये.” ती शाळेत शिकवायची. तिचा हा आवाज मला ओळखू येतो, आणि मी घाबरलो.

मग मी चिकटपट्ट्या लावून पाहिल्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे लावले, एकदा तर छपराला रंगाचा जाड थर दिला. पाणी दर वेळी नवी वाट काढायचं. शेवटी आमच्या बिल्डिंगमधल्या एका रिक्षावाल्याने कल्याणच्या एका माणसाचा पत्ता दिला. तो रिक्षाचे हूड शिवतो. माझ्याच वयाचा असेल. त्याने टेप न वापरता वितीने माप घेतलं आणि म्हणाला, “ठेवून जा, काका. एक थेंब आत आला तर नाव बदलीन.”

पाच दिवसांनी गेलो तर गाडी नव्या नवरीसारखी उभी होती. काळंभोर रेक्झिन, दुहेरी शिलाई, कडेला लाल पट्टी, कुठे सुरकुती नाही. मी खूश होऊन पुढचे हूक सोडले आणि छप्पर मागे ढकललं. ते हललंच नाही.

“सांधे लई खुळखुळत होते,” तो म्हणाला. “वेल्डिंग मारून टाकलं. आता हत्ती बसला तरी हलायचं नाय.”

“अहो, पण ते उघडायला लागतं!”

त्याने खऱ्या काळजीने माझ्याकडे पाहिलं. “उघडायचं? मग छप्पर बनवलं कशाला?”

रिक्षाचं हूड कोणी उघडत नाही. त्याने त्याच्या परीने अव्वल काम केलं होतं. आयुष्यभर ड्रॉइंगशिवाय साधी पिनसुद्धा न बनवलेला मी, त्याला नुसतं “गळती थांबवा” सांगून मोकळा झालो होतो.

घरी बायकोने परीक्षा घेतली. खाली वॉचमनकडून पाइप आणला, मला पेपर घेऊन आत बसवलं आणि दहा मिनिटं छपरावर पाणी मारलं. पेपर कोरडा राहिला. “पास,” ती म्हणाली. गाडी वाचली. वेल्डिंगचं मी काही बोललो नाही. बोललो तर विकायचा विषय पुन्हा निघेल, ही भीती. पण वाईट वाटायचं ते वाटतच होतं. रात्रंदिवस जपलेली गाडी आता एक अडचणीचा डबा झाली होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी पुन्हा खडवलीला निघालो. टिटवाळा मागे पडल्यावर रस्ता मोकळा झाला, तशी ती म्हणाली, “आता उघडा की.”

“ऊन लागेल तुला.”

“फेब्रुवारीत? उघडा.”

मग मला सगळं सांगावं लागलं. तिने ऐकून घेतलं. “म्हणजे कायमचं बंद?”

“कायमचं.”

“वळवा गाडी.” तिने बहिणीला फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं आणि मला म्हणाली, “कल्याणला चला, त्या माणसाकडे.” आता ही त्यालाच गाडीसाठी गिऱ्हाईक शोधायला सांगणार, अशी माझी खात्री झाली.

दुकानात ती त्याला म्हणाली, “दादा, शिलाई फार सुरेख आहे. पण ते वेल्डिंग कापून द्या.”

“वहिनी, सांधे मोकळे केले की पाणी येणार. मग माझी गॅरंटी नाय.”

“येऊ दे.” मग ती माझ्याकडे वळली. “तुम्ही रस्त्याकडे बघत असता. मी वर बघते. टिटवाळ्याच्या पुढे दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांना मिळतात ना, ती बघायला मी या गाडीत बसते. नाही तर बहिणीकडे जायला मला ट्रेन होती.”

इतकी वर्षं माझी हौस म्हणून ती सोबत येते, असं मी धरून चाललो होतो. हूडवाल्याने ग्राइंडरची वायर सोडवायला घेतली होती.

“आणि पावसाळ्यात?” मी विचारलं.

“रेनकोट घालीन,” ती म्हणाली. “पैठणी घडी घालून पिशवीत नेईन आणि बहिणीकडे गेल्यावर नेसेन.”