शंभर मिलिमीटरचा भोंगा

माझ्या मावशीची वाडी टाकव्याच्या पुढे, ओढ्याकाठी. तिची भातखाचरं ओढ्यापलीकडे आणि मध्ये ओढा ओलांडायला बुटकी फरशी, कठडे नसलेला सपाट पूल. दिवसभरात शंभर मिलिमीटर पाऊस झाला की फरशीवरून पाणी जातं, म्हणून मी समाजमंदिराच्या छपरावर पर्जन्यमापक आणि भोंगा बसवला. मापकातली पळी ०.२ मिलिमीटरला भरून उलटते आणि माझा प्रोग्राम बेरजेत तेवढे मिळवतो. तळेगावात कोड लिहून पोट भरणारा मी, वाडीत भलताच भाव खाऊन गेलो.

पहिल्यांदा शंभर ओलांडले तेव्हा भोंगा थांबेचना. दर पळीला बोंब. "बंद कर रं त्याला, डोस्कं उठलं!" मावशी फोनवर ओरडली. मी जेवता जेवता 'शंभर किंवा जास्त' काढून 'बरोबर शंभर' लिहिलं, म्हणजे एकदाच वाजेल. रविवारी मर्यादा एक मिलिमीटरवर आणून तांब्याने पाणी ओतलं. पाचव्या पळीला भोंगा वाजला. मर्यादा परत शंभरावर नेली. मी खूश.

पंधरा दिवसांनी सकाळपासून कोसळत होता. ऑफिसात मी फोनवर आकडा बघत होतो. ९९.८. उठलो, बसलो. १००.०. भोंगा वाजल्याची नोंद नाही. १००.२. मावशीचा फोन लागेना. गाडी काढली.

वाटेत कान्हे गावापाशी ट्रकमागे अडकलो तेव्हा त्या शंभराचे सगळे दशांश उघडून पाहिले. पुढे शून्यांची रांग आणि टोकाला एक फुटकळ आकडा. एकाचे तीन सारखे भाग दशांशात लिहायला बसलं की तिनाचे आकडे संपत नाहीत, तसं यंत्राला ०.२ पुरतं लिहिताच येत नाही. पाच पळ्यांत ती चूक दिसली नाही, पाचशेंत साचली. म्हणजे 'बरोबर शंभर' कधी झालेच नाहीत. आणि ऑफिसात नवख्यांना हीच चूक करू नका म्हणून दटावणारा मीच! स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. हॉर्न मात्र ट्रकवाल्यावर वाजवत होतो.

पोचलो तर फरशी पाण्याखाली. पलीकडे मावशी, अर्ध्यातून परत फिरलेली, छातीपर्यंत भिजलेली, बांधावरच्या झाडाला धरून उभी. तीन तास मी काठावर येरझाऱ्या घातल्या. पाणी उतरलं तेव्हा ती चालत आली.

"भोंगा वाजला न्हाई, म्हून निवांत खुरपत बसले," एवढंच म्हणाली.

दुसऱ्याच दिवशी कोड बदलला. आता दशांशांची बेरीज नाही, पळ्या मोजायच्या. पूर्ण आकडे. पाचशे किंवा जास्त झाल्या की भोंगा, आणि एकदा वाजल्याची वेगळी खूण. मावशीसमोर पाचशे पळ्या पाणी ओतून दाखवलं.

"आता नीट वाजंल ना?"

"वाजेल. पण तू पाणी बघतच राहा."

तिने रिकामा तांब्या माझ्या हातातून काढून घेतला.

"इतकी वर्सं त्येच करत हुते की. तुज्या भरवशावर सोडलं."