नव्वदच्या वर उजवा कौल

कुसुमआत्या तारेसारखी बोलायची. "चहा. बिनसाखर. लवकर." रत्नागिरीच्या तारऑफिसात तिनं उभा जन्म कडकट्ट केलेलं. शब्दागणिक पैसे पडतात, हे हाडात मुरलं होतं.

"लोकांचं 'सुखरूप पोचलो' ठोकून बोटं झिजली," ती म्हणायची. "आपण मेलं कुठं पोचलोच नाही."

निवृत्त झाल्यावर तिनं जाहीर केलं: मुंबईहून विमानानं त्रिवेंद्रम, तिथून कन्याकुमारी. खर्चाला आजोबांनी, म्हणजे तिच्या अण्णांनी, मागं ठेवलेले एका गिरणीचे शेअर विकायचे. पण शेअर होते दोघांच्या नावावर, तिच्या आणि तिच्या हरिदादाच्या. हरिदादा म्हणजे माझे बाबा. त्यांच्या सहीशिवाय विमान जमिनीवरच. आणि बाबा सही करीनात.

"समुद्र बघायला विमान कशास गो? मांडवीला जा. रिक्षानं."

"मांडवीला एकच आहे."

"आणि तिथं?"

"तीन."

बाबा चपापले. मग ठेवणीतलं काढलं, "गुहागरला देवीला कौल लावू. उजवी कळी पडली तर सही."

आमच्याकडे विहीर खणण्यापासून सोयरीकीपर्यंत सगळं देवीला विचारून. मूर्तीला कळ्या लावायच्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार.

"शेअरबाजारातलं देवीला काय विचारतोस? तिला कशास तसदी?"

"मग विचारायचं कुणाला?"

"राम आळीत एक आलाय," आत्या म्हणाली.

तो होता कॉम्प्युटर. अठ्ठ्याऐंशी साल, जिना चढून गेलं की एक खोली, तिथं क्लास, तिथं मी शिकायला. माझ्याबरोबर आत्या एकदा सहज आली. काळ्या पडद्यावर हिरवी रेघ लुकलुकत होती. एक हुकूम टाइप करायचा, एंटर दाबायचं, उत्तर यायचं. आत्या खूश.

"याला 'कृपया' लागत नाही. 'कळावे, लोभ असावा' लागत नाही. शहाणा आहे."

क्लासच्या सरांना पटवून तिनं एक छोटा प्रोग्रॅम करून घेतला. 'भाव' लिहून पुढं त्या दिवशीचा आकडा टाकला की पडद्यावर शेअर केवढ्याला घेतलेला, आज केवढ्याला आणि शेवटी एकच शब्द उमटे: 'ठेवा' किंवा 'विका'. मुंबईचं वर्तमानपत्र एसटीनं दुपारी येई. ते काखेत मारून आत्या जिना चढे.

"कालचा भाव आज?" बाबा चिडवत. "हा तर फोडणीचा भात!"

"चविष्ट लागतो. खाऊन बघ."

पावसाळाभर पडदा 'ठेवा'च म्हणाला. दिवाळी झाली आणि पेपरात आकडा आला ब्याण्णव. गिरणीचा भाव एवढा कधी चढला नव्हता, आणि उद्या टिकेल याचा भरवसा नव्हता. आत्या बाबांना ओढूनच घेऊन आली.

बाबांनी दाराशी चपला काढल्या. पडद्याला हात जोडले.

"मीच विचारणार. तू बाजूला हो."

एका बोटानं अक्षरं शोधत त्यांनी इंग्रजी अक्षरांत लिहिलं: 'विकू का'. एंटर. पडद्यानं ताबडतोब फटकारलं: हुकूम चुकीचा.

"बघ! डावा दिला!" बाबा उठलेच. "सही नाही!"

"दादा, बस. नाही म्हणालं नाही ते. कळलं नाही म्हणालं. दोन्ही कळ्या अडून राहिल्या तर गुरव काय करतो?"

"... प्रश्न सुधारून पुन्हा विचारतो."

"मग सुधार."

बाबांनी लिहिलं, 'भाव ९२'. पडदा म्हणाला, 'विका'.

बाबांचा चेहरा उजळला, आणि लगेच आक्रसला. "पण याला सांगितलं कुणी?"

"मी. जूनमध्ये. नव्वदच्या वर गेला की विका म्हण."

"म्हणजे कौल तुझाच!"

"माझाच. मला शंभराची हाव सुटली तर आठवण करायला हा."

खाली रिक्षावाला दोनदा भोंगा वाजवून गेला.

"आणि तू एकटी जाणार?" बाबा एकदम म्हणाले. "वर आभाळात काही झालं तर? अण्णांना वर गेल्यावर तोंड काय दाखवू?"

आत्या बघतच राहिली. पावसाळाभर अडलेली कळी ही होती तर!

"शेअर कुणाच्या नावावर?"

"दोघांच्या."

"मग तिकिटं?"

बाबांनी माझ्याकडे हात पुढे केला. "पेन आण गो."

आत्यानं लगेच मुंबईच्या दलालाला तार केली. जानेवारीत दोघं गेली. तिसऱ्या दिवशी घरी तार आली. आत्याचीच, एकही शब्द जास्तीचा नाही: "पोचलो. समुद्र तीन. दादा घाबरला."

परत आल्यावर बाबांनी ती चारचौघांत वाचली आणि म्हणाले, "शेवटचे दोन शब्द फुकट घालवलेन. एवढी काटकसरी बाई, पण पैसे पाण्यात!"