डोमाजीचं चूलबंद आवतन

आपल्या लहान्या भावाची तारीफ आपणच करू नये म्हणतात. पण दुसरं कोणी करून नाही राह्यलं तं का ती तशीच वाया जाऊ द्यावी? मंग ऐका.

राळेगाव तालुक्यात आवतन द्यावं तं डोमाजीनंच. लग्न असो, नामकरण असो की विहारातलं भोजनदान, घरोघरी जाऊन जेवायचं बोलावणं द्यायचं काम त्याचं. तेही पायी. उंबऱ्यापाशी उभा राह्यला की डोस्कं आपोआप उघडे. या घरी कोण कोण आहे, कोणाची पोरगी बाळंतपणाले माहेरी आली, कोणाले एकट्याले बोलवाचं अन् कोणाले चूलबंद. चूलबंद म्हणजे घरातले झाडून सारे या, त्या दिवशी चूल पेटवूच नका. अशी याददाश्त साऱ्या जिल्ह्यात नाही. असणार कशी? लहानपणी त्याले बोट धरून चालाले शिकवलं कोणी? मोठ्या भावानंच ना!

बिघडलं ते गोठ्यात. शेणावरून पाय घसरला, गुडघ्यावर आपटला, टोंगळा सुजला. कापूस फुटाच्या आत टोंगळा बरा झाला, पण पोराचं प्रेम काही बरं झालं नाही. संघदीप म्हणजे बापासाठी गादीवाली खुर्ची आणणारा गावातला पहिला पोरगा.

"बाबा, आता तुम्ही फक्त बसा. लोकांनी पाह्यलं पाहिजे, संघदीपचा बाप कसा आरामात आहे."

लोकांनी पाह्यलं. पाणी हातात, चहा हातात. सून ममता तं चपलाही पायात घालून दे, जरी कुठंच जायाचं नव्हतं.

थंडी सरता सरता डोमाजी सुनेले बहिणीच्या नावानं हाक मारू लागला. जेवण झाल्यावर विचारे, "आज उपास आहे का वं?"

घर घाबरलं. विसरून राह्यले म्हणून आराम वाढवला. आरामानं अजून विसरला, तं आराम अजून वाढवला. बदाम आले, डोस्क्याचं शिरप आलं, टीव्ही उशाशी आला. एक चालणं सोडून सारं आलं.

शेवटी राळेगावच्या डाक्टरनं सांगतलं, "अहो, पाय अन् डोकं ही बैलजोडी आहे. एक बसला तर दुसरा कुठवर ओढेल? चालवा यांना."

संघदीपनं ऐकलं, अन् यवतमाळहून चालायची मशीन घेऊन आला. बिजलीची. गावातली पहिली. डोमाजीले वर उभं केलं, बटन दाबलं, पट्टा सरकू लागला. म्हातारा चालला, चालला, मंग दांडी धरून म्हणे,

"संघदीप, इतकं चाललो रे, पण गाव काहून येऊन नाही राह्यलं?"

संघदीपनं कपाळाले हात लावला अन् मशीन बंद केली. तवापासून तिच्यावर गोधड्या वाळतात.

अशात नातीचं, मैत्रेयीचं, लग्न निघालं. डोमाजी खुर्चीतून म्हणे, "हळदीच्या जेवणाचं आवतन मी देईन. नातीचं आवतन दुसऱ्यानं दिलं तं मी जिता काय कामाचा?"

"तुमच्या ध्यानात राहीन का? सांगा बरं, विहारापासून कोणाकोणाची घरं आहेत?" संघदीपनं विचारलं.

डोमाजीनं डोळे मिटले. "धम्मरत्नचं... मंग..." मंग काही आलंच नाही.

"राहू द्या, आबाजी," मैत्रेयी म्हणे. पोरगी मायेनंच बोलली, पण म्हाताऱ्याले ते टोंगळ्याच्या मारापेक्षा जास्त लागलं.

संघदीपनं मोबाइलवर एका झटक्यात साऱ्या गावाले निरोप टाकला. गुलाबाच्या फुलासकट.

हळदीच्या दिवशी दुपार झाली. वरण, भात, आलूवांग्याची भाजी, बुंदी, सारं तयार. मांडव रिकामा. सतरंजीवर एक कुत्रं येऊन झोपलं. ममता शेजारच्या सत्यशीलाबाईकडं पळाली.

"काकू, काहून वं कोणीच येऊन नाही राह्यलं?"

"आवतन कुठं आहे? मोबाइलवर तं मयतीचाही निरोप येते अन् वाढदिवसाचाही येते. उंबऱ्यावर कोणी आलं का? आम्ही काय उपाशी मरून राह्यलो?"

ममता परतली तं खुर्ची रिकामी. डोमाजी काठी टेकत निघालाही होता.

"बाबा, पडाल!" संघदीप मांगं धावला.

"मंग उचलजो."

पहिल्याच घरी गडबडला. धम्मरत्नले त्याच्या मेलेल्या बापाच्या नावानं आवतन दिलं. धम्मरत्न भला माणूस. "बाबा तं गेले, काका. त्यांच्या वाट्याचं मी जेवतो." दुसऱ्या घरी नाव जिभेवरच अडकलं. पण पाय चालू लागले, घाम फुटला, टोंगळा कुरकुरला, अन् उंबरा पाह्यला की नाव येऊ लागलं.

"लखीराम, चूलबंद! अन् जावई आला ना नागपूरहून, त्यालेही आण." सायकलच्या दुकानापाशी थांबून, "मोहिउद्दीन, घरी जैबुनबीले सांगजो, गोड तिच्याच हातानं वाढायचं आहे." मांगून संघदीप धापा टाकत होता, अन् गल्लीतल्या माणसांची नावं बापालेच विचारत होता.

मंग घनश्यामचं घर आलं. शेताच्या बांधाधुऱ्यावरून त्याचं अन् संघदीपचं बोलणं बंद. संघदीपनं बापाची बाही ओढली. "बाबा, इथं नाही. विसरले का?"

डोमाजी उंबऱ्यापाशी उभा राह्यला. "घनश्याम, मैत्रेयीची हळद आहे. चूलबंद."

"पोरानं पाठवलं का तुमच्या?"

"पायानं आणलं."

घनश्याम आला. माय, बायको, लेकरं, सारं घर घेऊन आला. संघदीप ज्याले त्याले सांगे, "बाबा भांडण विसरले, काय करता!" डोमाजीनं गादीवाल्या खुर्चीवर घनश्यामच्या मायले बसवलं अन् आपण पंगतीतून फिरू लागला.

"पूनमसिंग, तू आला, बायको कुठं आहे तुही? चूलबंद म्हणलं होतं मी."

"ते रुसली, काका."

"थांब, मीच जातो."

त्यानं काठी उचलली. या खेपेले संघदीप आडवा आला नाही. त्यानं बापाच्या चपला शोधून समोर ठेवल्या. ममता घालून द्याले वाकली, तं संघदीपनं तिचा हात धरून तिले थांबवलं.