पेटी ऐकू येते, गळा नाही

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. त्याहून जास्त तिटकारा आपल्याला कॉम्प्युटरमधलं सगळं कळतं असं समजणाऱ्यांचा, आणि त्यांत पहिला नंबर माझा. एमआयडीसीतल्या एका ऑफिसात मी दिवसभर स्क्रीनसमोर बसतो. तेवढ्या भांडवलावर वडगावात मी तज्ज्ञ म्हणून मिरवत होतो.

आमचे तात्या, म्हणजे वडील, आयुष्यभर भजनात गायले. शेजारी पेटीवर मोरगावचे आबा, चाळीस वर्षं तेच. गेल्या वर्षी आबांनी हट्ट धरला आणि बारामतीच्या एका स्टुडिओत दोघांनी आठ अभंग रेकॉर्ड केले. तात्यांना कमी ऐकू येतं, म्हणून पेन ड्राइव्ह घरी आल्यावर मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला. टाळ, पखवाज, पेटी, सगळं ठणठणीत. थोड्या वेळानं त्यांनी हेडफोन काढला. "ह्यात मी कुठं हाय?"

मी ऐकलं. खरंच गळा जवळजवळ नव्हता. विहिरीच्या तळातून कुणी पुटपुटावं, एवढाच.

मग माझं शहाणपण सुरू झालं. सेटिंग उलटीपालटी केली, ड्रायव्हर काढून पुन्हा टाकला, नवा हेडफोन आणला. पेन ड्राइव्ह दुसरीकडे कुठे लावून बघावा, हे मात्र सुचलं नाही. तज्ज्ञांना साधं काही सुचत नसतं. शेवटी बारामतीहून एका महाशयांना बोलावलं. "विंडोज मारावी लागंल," म्हणाले. मारली. सगळं पुसून नव्यानं टाकताना घरचे सगळे फोटो गेले. मग म्हणाले, "रेकॉर्डिंगच तसं हाय, सर." आणि हात झटकून निघून गेले. मला ते लगेच पटलं, कारण माझ्या सोयीचं होतं.

स्टुडिओत आवाजांची शेवटची जुळवाजुळव करताना आबा बसले होते. मी तात्यांना सांगून टाकलं, की आबांनी पेटी वर काढून तुमचा आवाज दाबला. तात्यांनी हेडफोनची वायर गुंडाळून ठेवली. मी मात्र आबांना फोन लावून तोंडसुख घेतलं, "चाळीस वर्सं सोबत करून शेवटी पेटीच मिरवली व्हय तुमी?"

"बरं," एवढंच आबा म्हणाले. त्यानंतर ते आमच्याकडे आले नाहीत आणि तात्या गायले नाहीत. भजनाच्या दिवशी तात्या जेवून लवकर पडायचे.

गळीत हंगामात आमच्याकडे कारखान्याची काजळी घरभर उतरते. म्हणून कॉम्प्युटरच्या डब्याला मी खताच्या गोणीची खोळ शिवून घेतली होती. पिनांसाठी भोकं, भोकांना दुहेरी पट्टी. कल्पना माझी, कौतुकही माझंच. चार महिन्यांनी बायकोनं ती धुवायला काढली आणि मी तेच अभंग लावून उघड्या डब्यात हेडफोन खुपसला. पिन टक्‌ करून पार आत गेली आणि तात्या गायला लागले. अगदी समोर बसून गावं तसे.

खोळीच्या जाडीमुळे पिन अर्धवट राहत होती. तशी राहिली, की दोन्ही कानांत सारखा येणारा आवाज एकमेकाला खाऊन टाकतो आणि डाव्या-उजव्या बाजूची वाद्यं तेवढी उरतात. गाणारा नेमका मधोमध असतो.

मी मोटारसायकल काढून मोरगाव गाठलं. आबा शेळ्यांना पाला टाकत होते. सगळं सांगितलं, माफी मागितली, तीही धड जमली नाही.

"पेटी बारीक ठिव म्हून मीच तितं सांगितलं हुतं," आबा म्हणाले. "तुज्या बापाचा गळा बसत चाललाय. त्यालाबी म्हाईत हाय. म्हून तर घाई केली." मग विचारलं, "गातूय का पर त्यो?"

मी नकारार्थी मान हलवली.

"चार म्हयनं?" म्हणाले आणि पेटी आणायला आत गेले.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर आबांनी काळी चारचा सूर धरला, तात्यांची नेहमीची पट्टी. तात्यांचा आवाज फाटला. आबांनी काळी दोन धरली, मग पांढरी एक. ते पट्टी उतरवत राहिले, तात्या घसा खाकरत राहिले. शेवटी तात्यांनी पेटीवर हात ठेवला.

"ऱ्हाऊ द्या आबा. गळा गेला."

मी तिथंच उभा होतो. दोघांपैकी कुणीही मला एका शब्दानं बोललं नाही. बोलायला हवं होतं.