स्नायूकाका

स्नायूकाका माणसाचा चेहरा नंतर बघायचे, आधी पोटऱ्या. सोलापुरात ते वैद्यकीय महाविद्यालयात शिकवायचे आणि उरलेला सगळा वेळ स्नायूंच्या आजारांवर संशोधन करायचे. रस्त्यात कुणी जरा फेंगडं चालताना दिसलं की त्यांची स्कूटर थांबलीच. काकू म्हणायच्या, "मला बघायला आले, तेव्हासुद्धा हे माझ्या पायांकडेच बघत होते!"

आमच्या घरी ते आले माझ्या धाकट्या भावामुळे. होटगीत एका लग्नाची पंगत उठत होती. सोमा तेव्हा सात वर्षांचा. उठताना त्याने आधी गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात टेकले आणि स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखा उभा राहिला. समोर जेवत असलेले काका हातातला घास ताटात ठेवून आले. माझ्या वडिलांना म्हणाले, "हा तुमचा मुलगा का? उद्या माझ्याकडे आणा त्याला."

अण्णा रेल्वेत गँगमन. ते हसले. "पाय तर पैलवानासारखं हायत की त्याचं, सर."

काका हसले नाहीत.

त्या भरलेल्या पोटऱ्यांत ताकद नव्हती, चरबी साठत होती. स्नायूंचे तंतू वापरले की झिजत आणि पुन्हा नीट भरून येत नसत. हे सगळं मला काकांनीच समजावलं, आमच्या ओट्यावर बसून, आईची शेंगाचटणी भाकरीला लावता लावता. "ज्याचं शरीर, त्याला सगळं सांगायचं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सोमाने एकदा विचारलं, "काका, मी कधीच पळणार नाही?" त्यांनी सरळ सांगितलं, "नाही रे बाळा." आणि मग संध्याकाळपर्यंत त्याच्याशी पत्ते खेळत बसले. त्या दिवसापासून मी त्यांना देव मानू लागले.

संशोधनासाठी त्यांनी आईचं आणि माझं रक्तही घेतलं होतं. सोमा एकोणिसाव्या वर्षी गेला. पुढे माझं लग्न ठरत आलं, तेव्हा मी मुद्दाम त्यांच्या प्रयोगशाळेत गेले.

"काका, माझ्या रक्तात काय निघालं? माझ्या मुलांना तर हे होणार नाही ना?"

ते सूक्ष्मदर्शकातून बघत होते. मान वर न करता म्हणाले, "काही नाही. निर्धास्त लग्न कर."

मी तशीच देवळात जाऊन पेढे वाटले.

माझा समर्थ पाच वर्षांचा झाला. एका सकाळी फरशीवरून उठताना त्याने मांडीवर हात टेकला. मी त्याला हाक मारली, ती "सोमा" म्हणून.

त्याला घेऊन काकांकडे गेले. या वेळी त्यांनी पायांकडे बघितलंच नाही. समर्थला काकूंकडे आत पाठवलं आणि म्हणाले, "मला माहीत होतं. सदोष जनुक आईकडून तुझ्यात आलंय, हे तेव्हाच निघालं होतं. अण्णा माझ्याकडे आले. म्हणाले, 'सर, पोरगी उजवायची हाय. हे भाईर गेलं तर कोण करंल तिला? तुमी गप ऱ्हावा.' मी गप्प राहिलो."

"रक्त माझं होतं, काका. अण्णांचं नव्हतं."

"मुलाला येईलच असं नव्हतं. निम्मी शक्यता होती. मला वाटलं..."

"माझ्या जिवावर जुगार खेळलात तुम्ही."

अण्णा तोवर गेले होते. त्यांच्यावर मला चिडता आलं नाही. ते बाप होते, घाबरले होते. पण काकांनी मरणाच्या वाटेवरच्या मुलालाही खरं सांगितलं होतं. खोटं बोलायला त्यांना मीच सापडले.

आधी कळलं असतं तर दिवस राहिल्यावर मी गर्भाची तपासणी करून घेतली असती. आणि मग? समर्थ माझ्या कुशीत झोपतो, तेव्हा या प्रश्नाच्या पुढे मला जाता येत नाही. काकांनी मला धड रागही करू दिला नाही.

निवृत्त होऊन ते लेकीकडे पुण्याला निघाले, तेव्हा निरोप घ्यायला आले. खूप वाळले होते. समर्थने पाय पुढे केला. "आजोबा, तुम्ही पायांचे डॉक्टर ना? बघा की."

काका माझ्याकडे बघत राहिले. परवानगी मागत होते, हे मला कळत होतं.

"त्याचे उपचार दुसरीकडे चालू आहेत," मी म्हणाले.

त्यांनी चपला घातल्या. "येतो गं."

"या हं, आजोबा!" समर्थ मोठ्याने म्हणाला.

ते जिना उतरेपर्यंतही मी थांबले नाही. दार लावून घेतलं.